जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल: बदलण्याआधी त्यावरची अक्षरं वाचा

आजचा भाग छोटा आहे, पण ज्यांच्या माळ्यावर जुना लॅपटॉप पडून आहे, त्यांनी शेवटपर्यंत ऐकाच.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री जुनी मशीन्स उघडून बसतो. सध्या टेबलावर आयबीएमचा एक जुना थिंकपॅड आहे. चालू केला की दोन आकडे दिसतात, १६१ आणि १६३. पहिल्याचा अर्थ बॅकअप बॅटरी संपली, दुसऱ्याचा अर्थ तारीख-वेळ चुकीची. वीस-पंचवीस वर्षांनी सेल संपणं हा कुणाचा दोष नाही, ते वयच आहे.

आता हा सेल करतो काय? लॅपटॉप बंद असतानाही आत एक घड्याळ चालू असतं. त्याचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. दोनाचा पंधरावा घात, म्हणून मोजायला सोपा. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीमध्ये या घड्याळाच्या चिपमध्ये एकूण ६४ बाइट होते, त्यातच बायोसची सेटिंग्ज राहायची. मेन बॅटरी आणि चार्जर दोन्ही नसले की हे सगळं त्या छोट्या सेलवर जगतं. सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळ ३ मायक्रोअँपिअर खातंय असं धरा, तर हिशोब आठ वर्षांच्या थोडा वर जातो.

तारीख चुकली तर काय बिघडतं? बरंच काही. ब्राउझर वेबसाइटचं प्रमाणपत्र आजच्या तारखेशी ताडून बघतो, त्यामुळे सुरक्षित साइट उघडतच नाहीत. कोड कंपाइल करताना मेक फाइलींच्या वेळा बघतं, तिथेही गोंधळ.

आता मुद्द्याची गोष्ट. नवा सेल विकत घ्यायच्या आधी जुन्यावरची अक्षरं वाचा. सीआर म्हणजे एकदाच वापरायचा लिथियम सेल. एमएल, व्हीएल किंवा एलआयआर म्हणजे रिचार्ज होणारा. आकार सारखाच दिसू शकतो, पण रिचार्जवाल्याच्या जागी सीआर बसवला तर सर्किट त्याला चार्ज करत राहील. तो तापेल, फुगेल, फुटूही शकेल. म्हणून ज्या जातीचा निघाला, त्याच जातीचा घाला.

१९९० च्या दशकातल्या कित्येक लॅपटॉपांत तर निकेलचे सेल असायचे, हिरव्या-पिवळ्या वेष्टनातले. हे गळतात. आतला अल्कली द्रव मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खातो, आणि मशीन नुसतं पडून असलं तरी खातच राहतो. तुमचं मशीन या काळातलं असेल तर नवा सेल मिळेपर्यंत थांबू नका, जुना आजच काढा. गळती दिसली तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. हातमोजे घाला.

आता कृती:

१. चार्जर आणि मेन बॅटरी दोन्ही काढा. आत हात घालण्याआधी एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करा.

२. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. सेल बहुतेकदा कीबोर्डखाली, पामरेस्टखाली किंवा मेमरीच्या झाकणाजवळ असतो. कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवा.

३. मल्टिमीटर लावा. नवा सीआर सेल तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. अडीचच्या खाली असेल तर बदला.

४. सेलला वायर आणि प्लग असेल तर ओढताना वायर धरू नका, प्लग धरा. नव्याचं प्लस-मायनस जुन्याशी जुळतंय ना, बघा. लाल वायरवर विसंबू नका, मीटरवर विसंबा.

५. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेनं तो फुटू शकतो. पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सेल मिळतो, तो घ्या. वरून इन्सुलेशन हवंच.

६. बायोसमध्ये जाऊन तारीख, वेळ आणि बूटचा क्रम सेट करा. मग चार्जर आणि मेन बॅटरी काढून रात्रभर ठेवा. सकाळी वेळ बरोबर असेल तर काम झालं.

एक गैरसमज राहिला. सेल काढला की पासवर्ड उडतो, असं बरेच जण सांगतात. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, तो सेल काढून जात नाही. सेकंडहँड घेताना हे आधी तपासा.

जुना सेल टेबलावर सोडू नका. लहान मुलानं गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. टेप लावून ई-कचऱ्यात द्या.

तर या रविवारी माळ्यावरचा लॅपटॉप खाली काढा. चालू नाही केलात तरी चालेल, पण आतला सेल तेवढा बघा. भेटू पुढच्या भागात.