परांचीवरून पडला, म्हणजे चूक त्याचीच?

परांचीवरून माणूस पडला की त्याला रिक्षात घालताना मुकादम हळूच सांगतो, "घरी जिन्यावरून पडलो म्हण. नाहीतर पोलिसांचं लफडं होईल. खर्चाचं शेठ बघतील." वेदनेनं कळवळणारा माणूस मान डोलावतो आणि केस पेपरवर तेच उतरतं. वर्षभरानं भरपाईचा दावा उभा राहतो, तेव्हा समोरचा वकील आधी हाच कागद पुढे करतो. म्हणून पहिला गैरसमज इथलाच: केस पेपर फक्त औषधासाठी असतो. तसं नाही. डॉक्टरांना "साइटवर, परांचीवरून, अमुक मजल्यावरून पडलो" हेच सांगावं आणि तेच लिहिलंय का, हे सोबतच्यानं वाचून घ्यावं. पोलिसांत गुन्हा नोंदवला नसेल तरी दावा करता येतो. गुन्हा नोंदला तर पुराव्याला बळ येतं, इतकंच.

दुसरी समजूत साइटवर सगळ्यांच्याच तोंडी असते: "पाय त्याचाच घसरला, मालक काय करणार?" ही भरपाई चुकीवर ठरतच नाही. 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा एवढंच विचारतो, की इजा कामामुळे आणि काम चालू असताना झाली का? काथ्या सैल होता, फळी कुजकी होती, की गवंडीच बेसावध होता, याचा शोध तिथं नाही. दारूच्या नशेमुळेच अपघात झाला, किंवा सुरक्षेचा स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडल्यामुळे झाला, असं म्हणून मालकाला बचाव करता येतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर हा बचावही चालत नाही. शिवाय हुकूम मोडला म्हणायला आधी हुकूम आणि साधन दोन्ही हवीत. सेफ्टी बेल्ट गोदामात कुलपात असतील, तर "बेल्ट लावला नाही" हा आरोप कोणावर?

"नाक्यावरून उचललेला रोजंदारीवाला, नावसुद्धा रजिस्टरला नाही." हाही बचाव आता टिकत नाही. तात्पुरत्या कामगाराला वगळणारे शब्द 2000 साली कायद्यातून काढले गेले. एका मजल्याहून उंच किंवा 12 फूट वा अधिक उंचीच्या इमारतीचं बांधकाम, दुरुस्ती, पाडकाम हे कायद्याच्या यादीत आहेच. कामावर होता हे दाखवायला मुकादमाची हजेरी वही, फोनपेवर आलेली मजुरी, सोबतच्या बिगाऱ्याची साक्ष कामी येते. आणि "तो ठेकेदाराचा माणूस, आमचा नाही" असं बिल्डरला म्हणता येत नाही. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेणाऱ्यानं आधी भरपाई द्यायची, मग ठेकेदाराकडून वसूल करायची. इथं एक बारकावा मात्र आहे. स्वतःचं राहतं घर रंगवून घेणारा माणूस धंदा करत नसतो, तिथं दावा मुख्यतः ठेकेदारावरच जातो.

रक्कम शेठच्या मनावर नसते, तिचं गणित ठरलेलं आहे. महिन्याची मजुरी, जास्तीत जास्त 15,000 रुपये धरून (ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची), मृत्यूसाठी निम्मी आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी 60 टक्के घ्यायची आणि वयानुसार दिलेल्या आकड्यानं गुणायची. तीस वर्षांच्या माणसासाठी हा आकडा 207.98. म्हणजे महिना 22,000 कमावणारा तीस वर्षांचा रंगारी गेला, तर 15,59,850 रुपये. कायमचा पूर्ण अपंग झाला, तर 18,71,820. कमाईची ताकद 40 टक्के घटली, तर याच्या 40 टक्के, 7,48,728. काही महिन्यांसाठीच अंथरुणाला खिळला, तर दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च याहून वेगळा, तोही मालकाकडेच. त्यामुळे "बिल भरलं की, आता आणखी काय?" याला कायद्यात जागा नाही. महिनाभरात रक्कम दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड.

टक्के मोजताना कुठला अवयव गेला यापेक्षा कुठला धंदा गेला, हे पाहावं लागतं. ओडिशातल्या जेपूरमध्ये 1968 साली चित्रपटगृहाचं नक्षीकाम करणारा एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कायद्यातल्या तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व, असं मालकाचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1975 मध्ये ते फेटाळलं. एका हातानं सुतारकी होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण. शिवाय भरपाईचं देणं अपघाताच्या दिवशीच सुरू होतं, निकालाच्या दिवशी नाही, हेही तिथंच ठरलं. पाठीचा मणका मोडलेल्या आणि पुन्हा कधीच परांची चढू न शकणाऱ्या माणसानं हा निकाल आपल्या वकिलाला आवर्जून सांगावा.

मग येतो स्टॅम्प पेपर. 50,000 हातावर ठेवून "यापुढे काही मागणार नाही" अशी सही घेतात. हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्यानं रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर पैसे घरच्यांच्या हातात देणं हे देणंच धरलं जात नाही, रक्कम भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. महाराष्ट्रात आयुक्तांचं काम मुख्यतः कामगार न्यायालयाचे न्यायाधीश पाहतात. बांधकाम कामगार कल्याण मंडळाची मदतही याला पर्याय नव्हे. नोंदणीकृत कामगाराचा कामावर मृत्यू झाला, तर मंडळ 5 लाख देतं, ते वेगळे. कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) लागू असेल, तर मात्र वाट बदलते, तिथं लाभ ईएसआयकडून मिळतात आणि या कायद्याखाली दावा करता येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात सामावला, म्हणून जुनं सगळं बुडालं, अशी अफवा नाक्यांवर आहे. पण तसं नाही. निम्मे आणि 60 टक्के, 12 टक्के व्याज, हा साचा संहितेतही तसाच आहे.

दाव्याला दोन वर्षांची मुदत असते. उशिराचं सबळ कारण पटलं तर ती माफही होते. आणि अपघात मुंबईत झाला, म्हणून दाव्यासाठी पुन्हा मुंबई गाठायला हवी असंही नाही. माणूस मुलुंडच्या साइटवर गेला आणि त्याची बायको बीडला राहत असेल, तर ती बीडच्याच हद्दीत अर्ज करू शकते. तिथून नोटीस मुंबईला जाते.