कायद्यातली पाटी

मुंबईतल्या मार्वेहून मनोरीला जाणाऱ्या फेरीबोटीत माणसं, दुचाकी, मासळीच्या टोपल्या, सगळं दाटीवाटीने उभं असतं. पलीकडे गावठाण, कोळीवाडा आणि किनाऱ्यालगतची रिसॉर्ट. शनिवार-रविवारी पाहुणे वाढले की तिथे कामाला माणसं लागतात. अशा कामांवर दूर गावाहून आणलेलं पोर जुंपलं जाऊ नये, म्हणून पाटी लावण्याची सक्ती कायद्यात केव्हाचीच आहे.

1986 च्या बालकामगार कायद्याचं कलम 12 पाहा. प्रत्येक रेल्वे स्थानकावर, बंदराच्या हद्दीत आणि कामाच्या जागी मनाई व शिक्षा यांचा सारांश ठळक जागी लावायचा. स्थानिक भाषेत आणि इंग्रजीत. हॉटेलं, ढाबे, रिसॉर्ट आणि घरकाम मात्र मनाईच्या यादीत यायला 10 ऑक्टोबर 2006 उजाडला. तोवर वीस वर्षं गेली होती! 2016 च्या दुरुस्तीने, घरच्या व्यवसायातली मदत आणि बालकलाकार असे अपवाद सोडून, 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांवर ठेवायला बंदी आली. 2017 च्या नियमांनी जागृतीफलकांच्या जागा वाढवल्या: रेल्वेचे डबे, बसस्थानकं, टोलनाके, हॉटेलं, पंचायत कार्यालयं.

त्या वीस वर्षांच्या मधल्या काळात मुंबईने 1996 पाहिलं. फेब्रुवारीत कुंटणखान्यांवर छापे पडले, चारशेहून अधिक मुली सुटल्या, त्यांतल्या कितीतरी नेपाळच्या. त्याच वर्षी याच शहरात समाजकार्यकर्त्या जेरू बिलिमोरियांच्या पुढाकाराने चाइल्डलाइन ही मुलांसाठीची मदतीची फोनसेवा सुरू झाली आणि पुढे 1098 हा आकडा देशभर पोहोचला. बायामुलींच्या व्यापाराविरुद्धच्या 1956 च्या कायद्यात मात्र पाटीची सक्ती नाहीच.

मला खटकते ती पाटीवरची भाषा. कलमांचा सारांश मालकाला धाक घालतो. बिहार-झारखंडातून किंवा नेपाळातून आणलेल्या पोराला मराठी-इंग्रजीतलं ते काय कळणार? कॅलिफोर्नियाने 2012 मध्ये बार, विमानतळ, रेल्वे स्थानकं अशा जागी मानवी तस्करीविरोधी सूचना सक्तीची केली, तेव्हा मदतीचा फोन नंबर आणि इंग्रजी-स्पॅनिशसोबत स्थानिक वस्तीतली आणखी एक भाषा कायद्यातच घातली. आपल्या कलम 12 मध्ये आजही तेवढं नाही.

मार्वे आणि मनोरीच्या धक्क्यांवर, तिकीट काढताना पोराच्या नजरेच्या उंचीवर, हिंदी, बंगाली आणि नेपाळीत 1098 लिहायला कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही. महापालिकेने आणि रिसॉर्टवाल्यांनी ते या हंगामातच करावं.