चुकांनी भरलेली गाठ

कर्करोगाच्या औषधांच्या चाचण्यांचे अहवाल नेहमी वाचणाऱ्याला त्यातले निकाल कसे असतात हे पाठ असतं. काही जणांची गाठ निम्म्यानं आटली, काहींची तशीच राहिली, काहींची औषध चालू असतानाच वाढली. ५ जून २०२२ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लहानसा अहवाल आला. त्यात उपचार पूर्ण केलेले बारा रुग्ण होते आणि बाराही जणांपुढे एकच निकाल होता: गाठ नाहीशी. एमआरआयमध्ये नाही, पेट स्कॅनमध्ये नाही, दुर्बिणीतून दिसत नाही, डॉक्टरांच्या बोटाला लागत नाही, बायोप्सीच्या तुकड्यात सापडत नाही.

न्यू यॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात डॉ. अँड्रिया सर्सेक आणि डॉ. लुईस डियाझ यांनी ही चाचणी घेतली. रुग्ण गुदाशयाच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागाच्या कर्करोगाचे. आजार दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातला. औषधाचं नाव डोस्टारलिमॅब. दर तीन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅम, शिरेतून, सहा महिने. त्यानंतर नेहमीचे उपचार करायचे असं आधीच ठरलेलं होतं. त्या बारा जणांपैकी एकावरही ते करावे लागले नाहीत.

या वाक्याचं वजन कळायला ‘नेहमीचे उपचार’ म्हणजे काय ते जवळून पाहावं लागतं. गुदाशय कंबरेच्या हाडांच्या अरुंद कोनाड्यात बसलेला असतो. पुढे मूत्राशय, बायकांमध्ये गर्भाशय, पुरुषांमध्ये प्रोस्टेट, आणि या सगळ्यांना चिकटून जाणाऱ्या बारीक नसा. तिथे केमोथेरपी आणि रेडिएशन द्यायचं (आपल्याकडे सर्रास ‘लाइट दिला’ म्हणतात ते), मग गुदाशय काढायचा. गाठ फार खाली असेल तर शौचाची वाट कायमची बंद करून पोटावर पिशवी लावायची. रेडिएशनमुळे तरुण बाईची पाळी कायमची जाऊ शकते. लघवीवरचा ताबा, शरीरसंबंध, दिवसातून कितीदा शौचाला धावावं लागेल, सगळंच बदलतं. या उपचारांनी असंख्य जीव वाचवले आहेत आणि आजही वाचवतात. पण त्यांची किंमत रुग्ण उरलेलं आयुष्यभर, बहुतेकदा कुणाला न सांगता, मोजत असतो.

मग हे बारा जण वेगळे कसे? त्यांच्या गाठींमध्ये एक खास बिघाड होता. गुदाशयाच्या कर्करोगांपैकी जेमतेम ५ ते १० टक्क्यांत तो आढळतो. या गाठीच्या पेशींना स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत.

पेशी दुभंगते तेव्हा तिला आपल्या डीएनएची, तीन अब्जांहून जास्त अक्षरांची, नक्कल करावी लागते. अक्षरं चारच: ए, सी, जी आणि टी. नक्कल करणारी यंत्रणा विलक्षण अचूक आहे, तरी थोड्या चुका राहतातच. त्यासाठी मागोमाग मुद्रितशोधक फिरतो. प्रथिनांची ही टोळी नव्या ओळीवरून सरकत जाते, न जुळणारं अक्षर पकडते, तो तुकडा कापून काढते आणि पुन्हा नीट लिहवून घेते. नकलेची अचूकता तिच्यामुळे शंभर ते हजार पटींनी वाढते.

चुका सगळ्यात जास्त कुठे होतात? जपाची वही लिहिणाऱ्याला विचारा. एकच नाम ओळीनं लिहिताना हात घसरतो आणि एखादं जास्त किंवा कमी पडतं. डीएनएतही जिथे तेच अक्षर लागोपाठ येतं तिथेच यंत्रणा घसरते. आणि एक अक्षर पडलं की काय होतं ते मराठीतच करून बघता येतं. डीएनए तीन-तीन अक्षरांचे शब्द करून वाचला जातो. समजा ओळ अशी आहे: कमल गगन नयन मदन. यातला पहिला ‘म’ पाडा आणि पुन्हा तीन-तीनचे गट करा: कलग गनन यनम दन. चूक एका अक्षराची, पण तिथून पुढचं सगळं वाक्य परकं झालं.

टीजीएफबीआर-२ नावाच्या जनुकात असेच दहा ‘ए’ ओळीनं येतात. पेशीला ‘आता वाढ थांबव’ हा निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाचं हे जनुक. मुद्रितशोधक नसलेल्या आतड्याच्या गाठींमध्ये बहुतेक वेळा नेमका इथलाच एखादा ‘ए’ गळालेला सापडतो. निरोप्याच नाहीसा झाल्यावर पेशी थांबणार कशी?

हे कळायला माणसांना शंभर वर्षं लागली, आणि सुरुवात झाली एका शिवणकाम करणाऱ्या बाईपासून. १८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर इथे, तिनं विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, की आमच्या घराण्यात माणसं कर्करोगानंच जातात, मीही तशीच जाईन. ती तशीच, लहान वयात गेली. वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही. तिच्या घराण्याची वंशावळ मांडून त्यांनी १९१३ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुढे नेब्रास्कातल्या ओमाहाचे डॉ. हेन्री लिंच यांनी अशी आणखी घराणी शोधली. कर्करोग आनुवंशिक असू शकतो यावर त्या काळी फारसं कुणी विश्वास ठेवत नव्हतं, तरी ते गोळा करत राहिले. आज या आनुवंशिक दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात.

त्याच काळात दुसरीकडे ड्यूक विद्यापीठात पॉल मॉड्रिच आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूत हा मुद्रितशोधक काम कसा करतो ते शोधत होते. १९८९ मध्ये त्यांनी ही अख्खी दुरुस्ती परीक्षानळीत जुळवून दाखवली. १९९३ मध्ये थॉमस पेटीस आणि सहकाऱ्यांना दिसलं, की यीस्टमधली हीच जनुकं मोडली तर तीच-तीच अक्षरं येणाऱ्या जागा भराभर बिघडतात. अगदी तसाच बिघाड त्याच सुमाराला माणसाच्या आतड्याच्या काही गाठींमध्ये दिसत होता. त्याच वर्षाच्या अखेरीस लिंच घराण्यांतलं पहिलं दोषी जनुक, एमएसएच-२, हाती आलं. ते जिवाणूतल्या जनुकाचंच माणसातलं भावंड निघालं! पाव फुगवणारं यीस्ट, पोटातला जिवाणू आणि मिशिगनमधली ती बाई एका धाग्यात ओवली गेली, हे वाचताना मी आजही थबकतो. मॉड्रिच यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण चुका करणारी पेशी कर्करोगाकडे जाते एवढ्यानं उपचार सापडत नाही. त्यासाठी कथेची दुसरी बाजू हवी.

आपल्या रोगप्रतिकारशक्तीतल्या टी-पेशी शरीरभर गस्त घालत असतात. प्रत्येक पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे बाहेरच्या कवचावर मांडून ठेवते आणि टी-पेशी ते चाचपून जातात. ओळखीचा तुकडा असेल तर पुढे जायचं, परका असेल तर हल्ला करायचा. मुद्रितशोधक नसलेल्या गाठीच्या दारात तर ‘कलग गनन’सारखे परके तुकडे ढिगानं पडलेले असतात. मग हल्ला का होत नाही? कारण टी-पेशीवर एक ब्रेक असतो. क्योटोत तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये त्याचं जनुक सापडलं आणि त्याला पीडी-१ हे नाव मिळालं. तो काय करतो ते उंदरांनी दाखवलं: पीडी-१ नसलेल्या उंदरांच्या टी-पेशी स्वतःच्याच शरीरावर उठल्या. गाठीला हा ब्रेक दाबता येतो. डोस्टारलिमॅब त्या ब्रेकवर जाऊन बसतं आणि तो दाबू देत नाही. औषध गाठीला हातही लावत नाही.

आधी मात्र निराशाच पदरी आली होती. ब्रेक सोडवणारी औषधं मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावर चालली, आतड्याच्या कर्करोगावर नाहीत. सुरुवातीच्या चाचण्यांत आतड्याच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण होते, गुण आला एकाला. ३३ मध्ये एक हा आकडा बघून कुणीही फाइल मिटली असती. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मंडळींनी त्या एकाची गाठ पुन्हा तपासली आणि तिच्यात मुद्रितशोधक नव्हता. मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा क्षण हाच वाटतो.

डॉ. डंग ले आणि डियाझ यांनी मग नेमका हा प्रश्न घेऊन चाचणी आखली. २०१५ मध्ये निकाल आला. मुद्रितशोधक नसलेल्या आतड्याच्या गाठींपैकी १० मधल्या ४ आटल्या. मुद्रितशोधक शाबूत असलेल्या १८ पैकी एकही नाही. तपासलेल्या बिघडलेल्या गाठींत सरासरी १७८२ चुका होत्या, शाबूत गाठींत ७३. गाठीला वाढू देणारा दोषच तिला उघडी पाडत होता.

हे सगळे रुग्ण आजार शरीरभर पसरलेले, इतर उपचार करून थकलेले होते. न्यू यॉर्कच्या चाचणीनं साधा वाटणारा पण धाडसाचा प्रश्न विचारला: हेच औषध सगळ्यात आधी, गाठ जागेवर असतानाच दिलं तर?

गाठ गेल्याचं दुर्बिणीतून कसं दिसतं? जिथे खडबडीत, कडा उचललेला, रक्ताळलेला व्रण होता तिथे सपाट, पांढुरका वण असतो आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रक्तवाहिन्या. असा वण पाहून ‘आता कापायचं नाही, लक्ष ठेवायचं’ असं म्हणण्याचं धैर्य साओ पाउलोच्या शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी कितीतरी आधी दाखवलं होतं. केमो-रेडिएशननंतर गाठ पूर्ण गेलेल्या ७१ रुग्णांना त्यांनी शस्त्रक्रिया न करता नजरेखाली ठेवलं, आणि २००४ मध्ये तो अनुभव मांडला तेव्हा अनेक शल्यविशारदांना तो पटला नव्हता. त्यांच्याशिवाय २०२२ च्या चाचणीतल्या डॉक्टरांना थांबता आलं असतं का, याची मला शंका आहे.

एप्रिल २०२५ मध्ये पुढचा अहवाल आला. उपचार पूर्ण केलेले गुदाशयाचे रुग्ण आता ४९ होते. ४९ पैकी ४९ जणांची गाठ गेली, शस्त्रक्रिया एकावरही नाही. याच चाचणीत जठर, अन्ननलिका, मोठं आतडं अशा इतर अवयवांच्या, पण हाच बिघाड असलेल्या गाठींचे ५४ रुग्ण होते; त्यातल्या ३५ जणांची गाठ पूर्ण नाहीशी झाली.

कुणाला खोटी आशा लागू नये म्हणून हेही इथेच सांगतो. गुदाशयाच्या कर्करोगाच्या शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांच्या गाठींत मुद्रितशोधक शाबूत असतो आणि त्यांच्यासाठी हे औषध असं चालत नाही. ज्यांची गाठ गेली त्यांनाही ठरलेल्या अंतरानं दुर्बीण आणि एमआरआय करावे लागतात. आणि या जातीची औषधं फार महाग आहेत. पूर्ण उपचार लाखांच्या घरात जातो. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगात याच जातीच्या निव्होलुमॅबचा डोस अगदी थोडा, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम केला. केमोला त्याची जोड दिल्यावर वर्षभरानं हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं, हे त्यांनी २०२२ मध्ये दाखवलं. तो कर्करोग वेगळा, तिथला निकाल इथे लावता येत नाही. पण कमी डोसचा प्रश्न आपल्या देशात विचारला गेला, याचा मला फार आनंद आहे.

बिघाड आहे की नाही हे कळायला नवा छेद लागत नाही. निदानासाठी घेतलेल्या बायोप्सीचेच पातळ काप पुरतात. मुद्रितशोधकाच्या टोळीतली चार प्रथिनं, एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२, शोधणारे चार रंग एकेका कापावर एकेक असे चढवायचे. प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर निळं. बिघडलेल्या गाठीच्या काचपट्टीवर निळ्या पेशींचं रान असतं आणि त्या निळ्यात जागोजागी तपकिरी ठिपके विखुरलेले असतात. तपासणाऱ्याला ते हवेच असतात, कारण रंग नीट चढल्याची खूण तीच. त्यातले बरेचसे ठिपके म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या, शाबूत मुद्रितशोधक असलेल्या टी-पेशी. औषधाचा पहिला थेंब जायच्या आधीच त्या गाठीत शिरून, ब्रेक लागलेल्या अवस्थेत उभ्या असतात.