शिखरदर्शनाचा आश्विन

2020 साली अधिक आश्विनामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. देरासरांची दारे मात्र मार्चपासून बंदच होती. साथीची धास्ती मनात असूनही चिंचवडचे श्रावक पहाटे पवनेकाठी फिरावयास निघत, वाटेवरचा प्राजक्ताचा सडा पाहत आणि रस्त्यावरूनच शिखराला हात जोडीत. चाकणचे कारखाने पुन्हा सुरू झाले होते, तरी पिंपरीच्या बाजारात गिऱ्हाईक तुरळक. दुकाने लवकर मिटत. गल्ला हलका, हे दुःख खरेच. पण त्यामुळेच कर्ता पुरुष सायंप्रतिक्रमणास नातवंडांशेजारी कटासनावर बसू लागला. सामायिकात मुहपत्ती वापरणाऱ्या आजीला मास्कचे नवल नव्हते! 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, दारे उघडली. अंतर राखून रांगेत उभ्या असलेल्यांचे हात सवयीने आधी शिखराकडेच वळले.