चिंध्यांना देह देणारे हात

बेळगावहून निपाणीकडे जाताना जोंधळ्याच्या उभ्या पिकात हात पसरून राहिलेले बुजगावणे कोणी पाहिले नाही? धन्याचा विटलेला सदरा, आत कडबा, वर मडक्याचे डोके. पाखरांस भय दाखविणे यापलीकडे त्याची प्रतिष्ठा आम्ही कधी मानली नाही. परंतु नीट पाहिले असता तेही एक शिल्पच होय. वस्त्राच्या पोकळीत भरण घातले आणि वस्त्राला देह आला. पाणवठ्यावर निघालेल्या बाईच्या डोईवरची चुंबळ घ्या. जुन्या फडक्याला पीळ देऊन केलेले ते वेटोळे घागरीच्या बुडाशी किती नेमके बसते!

शिल्प म्हटले की दगड, लाकूड वा धातू डोळ्यांपुढे यावा, अशी आपली समजूत आहे. मोठ्या शहरांतील जाणत्यांचीही फार काळ तीच होती. १९६२ साली न्यूयॉर्क शहरी क्लेस ओल्डनबर्ग नावाच्या शिल्पकाराने किंतानाची, नऊ फुटांहून अधिक लांबीची केकची फोड करून ती जमिनीवर मांडली. आत स्पंज-रबर व पुठ्ठ्याची खोकी भरली होती. शिवणकाम केले होते त्याच्या पत्नीने, पॅटी यांनी. नाव मात्र पतीचे गाजले; हेही आपल्या परिचयाचेच!

आपल्या देशात मृणालिनी मुखर्जी या विदुषीने तागाच्या जाड दोरांस हाताने गाठी मारून माणसाहून उंच आकृती उभ्या केल्या. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या बाईंचे शिक्षण बडोद्यास झाले. प्रथम चित्र रेखाटून मग काम करावे, असा त्यांचा शिरस्ता नव्हता. गाठीमागून गाठ पडत जाई आणि रूप उमलत जाई. १९८४ सालची त्यांची ‘यक्षी’ प्रसिद्ध आहे. २०१५ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचे प्रदर्शन उघडले आणि अवघ्या काही दिवसांत त्या निवर्तल्या.

इतके दूर तरी कशाला जावे? बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या रानपट्ट्यात सिद्दी बांधवांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणले गेले. कित्येक तर गोव्यात गुलाम म्हणून राबले आणि तेथून रानात निसटले. त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिक बंधूही आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंद’ शिवतात. आपली वाकळच ती. काम एका कोपऱ्यापासून सुरू होते, कडेकडेने फिरत मध्याकडे येते. कॅथलिक घरांतील कवंदीवर क्रूसचिन्हही आढळते. शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तिकोनी तुकड्यांची ‘फुले’ बसवतात. फुलांवाचून कवंद उघडी दिसते, असे त्या म्हणतात. ती फुले कापडाच्या वर उठून आलेली असतात, बोटांना लागतात. सपाट पांघरुणाचे शिल्प होण्यास जे लागते, ते त्या चार कोपऱ्यांत आहेच.

ज्या भगिनीस घरी पाखरू वा जनावर करून पाहावयाचे असेल, तिने जुने सुती कापड घ्यावे. कृत्रिम धाग्याचे निसटते. दोन तुकडे उलट्या बाजूने शिवावेत, गोलाईवर टाक्यापर्यंत कात्रीने बारीक चिरा द्याव्यात. नाहीतर उलटल्यावर चुण्या पडतात. चोच, शिंग, पाय अशी टोके प्रथम भरावीत, आणि भरण अगदी थोडे थोडे, काडीने दाबून घालावे. मान भरण्यात कसूर झाली की बाहुलीची मान पडलीच म्हणून समजा. मानेत चिंधीची घट्ट सुरळी घालावी. लहान मुलासाठी असेल तर डोळ्यांना गुंडी लावू नये, दोऱ्याने डोळे भरावेत. गुंडी सुटून तोंडात जाते. निपाणीकडील ज्या बायकांची बोटे विडीचे तोंड दुमडण्यास सरावली आहेत, त्यांना टोके आत वळविण्याची कला निराळी शिकवावी लागणार नाही.

खरी अडचण कापडाची आहे. सुती लुगडी नेसणाऱ्या बायका घरोघरी थोड्या उरल्या. म्हणून वाकळीही थोड्या. जत्रेत कृत्रिम लोकरीची अस्वले मिळतात, सगळी एका साच्याची.

आमच्या मातोश्री गेल्या, तेव्हा त्यांची दोन सुती इरकली लुगडी पेटीत राहिली. त्यांना कात्री लावावी की नाही, यावर घरात बरेच दिवस बोलणे चालले. थोरल्या वहिनींस ते अमंगल वाटे. आम्हांसही धैर्य होईना. लुगड्यांस वास होता, तो जाईल की काय, ही भीती. अखेर धाकट्या भगिनीने एक लुगडे उचलले आणि कोणास न विचारता त्याची कोंबडी शिवली. पंख काठाचे, अंग हिरव्या पोताचे, तुरा पदराच्या तांबड्याचा, पोटात त्याच लुगड्याच्या कातरणी. बुडाशी भरण कमी पडल्याने ती एका अंगास कलते. वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनीच तिला उचलून खिडकीत, मातोश्री बसत त्या जागी, भिंतीशी टेकवून ठेवले. दुसरे लुगडे अजून पेटीत आहे.