जेऊरच्या फलाटावरून ओळखा एलएचबी डबा

आपलं जेऊर मुंबई-चेन्नई मार्गावर आहे, त्यामुळे डबे पाहायला लांब जावं लागत नाही. रंगावर जाऊ नका, दोन डब्यांच्या मधे बघा. दोन्ही बाजूंना गोल बफर आणि मधे स्क्रूची साखळी दिसली, तर तो जुना आयसीएफ. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून स्विस तंत्राने बनलेला, साध्या पोलादाचा. तिथला शेवटचा असा डबा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला.

बफर नसून मधोमध एकच भक्कम कपलर असेल, तर तो एलएचबी. लिंके-हॉफमन-बुश या जर्मन कंपनीचे पहिले २४ डबे २००० साली आले, मग कपूरथळ्यात उत्पादन सुरू झालं. सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, म्हणून गंज कमी. लांबी सुमारे साडेतेवीस मीटर, जुन्यापेक्षा दोन मीटर जास्त. डिस्क ब्रेक, वेगाची क्षमता ताशी १६० किलोमीटर. पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो कपलरच: अपघातात डबे एकमेकांवर चढण्याचा धोका त्याने खूप कमी होतो. सुरुवातीच्या गाड्यांत धक्के बसायचे, ही प्रवाशांची तक्रार मात्र खरी होती. पुढे कपलरमधल्या धक्काशोषक यंत्रणेत सुधारणा करण्यात आल्या.