अमूर ससाण्याची शिदोरी

मागच्या कार्यक्रमानंतर बचत गटातल्या एका ताईंचा फोन आला. त्या ड्रोनने पिकावर औषध फवारतात. म्हणाल्या, "आमची बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत संपते. मग पाखरं दिवसच्या दिवस कशी उडतात?"

पाण्याने भरलेली कळशी हातात धरून नुसतं उभं राहिलं, तरी हात भरून येतात ना? फवारणीच्या ड्रोनचं तसंच आहे. टाकी, बॅटरी, सगळं वजन त्याचे पंखे हवा खाली लोटून तोलून धरतात. जागेवर थांबला तरी खर्च चालूच. पाखरू पुढे जातं तेव्हा पसरलेल्या पंखांवर हवा त्याला उचलून धरते. घार तर दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा गाठते आणि पंख न हलवता गोल गोल वर जाते.

पण समुद्रावर अशी तापलेली जमीन कुठली? तिथे अमूर ससाण्याचं बघा. जेमतेम दीडशे ग्रॅमचं पाखरू. चीन-रशियाकडून निघून ऑक्टोबरात नागालँडमध्ये उतरतं. तिथे जमिनीतून निघणारी पंखवाली वाळवी पोटभर खातं आणि अंगावर चरबी चढवतं. मग नोव्हेंबरच्या सुमारास निघतं ते आपल्या महाराष्ट्रावरून, अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिकेत सोमालियाला. पाच-सहा दिवस न थांबता! त्या दिवसांत ईशान्येचा वारा पाठीशी असतो, त्याचा मोठा आधार.

खरी गंमत चरबीत आहे. एक ग्रॅम चरबीत ड्रोनच्या एक ग्रॅम बॅटरीच्या साधारण चाळीसपट ऊर्जा असते. शिवाय चरबी जळेल तसं पाखरू हलकं होतं. बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन तेवढंच! चरबी जळताना शरीरात थोडं पाणीही तयार होतं.

माणसानेही प्रयत्न सोडलेला नाही. 'झेफिर' नावाचं बिनमाणसांचं विमान २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनातून उडालं आणि सलग ६४ दिवस वर राहिलं. पंखांचा पसारा २५ मीटर, वजन मात्र फक्त ७५ किलो. दिवसा उन्हावर बॅटरी भरायची आणि उंच चढायचं. रात्री ती उंची हळूहळू खर्च करत खाली यायचं. दिवसा साठवा, रात्री पुरवून वापरा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या ससाण्याची शिदोरी मात्र जिथे भरते, तिथेच घात झाला होता. २०१२ साली नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हजारो ससाणे धरले जात होते, खायला आणि विकायला. बातमी जगभर गेली. मग पांगती आणि आसपासच्या गावांनी बैठका घेतल्या आणि पुढच्याच वर्षी शिकार थांबवली. ज्यांचं वर्षाचं उत्पन्न त्यावर होतं त्यांना ते सोपं गेलं नसेल. २०१३ मध्येच तिथल्या तीन ससाण्यांच्या पाठीवर सूर्यप्रकाशावर चालणारी पाच-पाच ग्रॅमची यंत्रं बसवली. त्यांची नावं ठेवली नागा, पांगती आणि वोखा. तिघेही समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचले.